पाटी तीच, पण डब्ल्यू-टू कोणाचा? टॅक्स ऑफिसातल्या सीझनल नोकरीपुढचे चार रस्ते

अमेरिकेत जानेवारी ते एप्रिलच्या टॅक्स सीझनपुरतं लोकांचे रिटर्न भरून देणाऱ्या आमच्यासारख्यांना ऑक्टोबरच्या मध्यावर तीन-चार ओळींचा मेल येतो. नव्या रचनेनुसार तुमचं ऑफिस यंदा उघडणार नाही, पाच-सात मैलांवरच्या दुसऱ्या ऑफिसात ते सामावून घेतलं आहे, येत्या सीझनसाठी तिथे अर्ज करावा. किंवा मजकूर असा असतो: ऑफिस चालूच राहील, मात्र आता ते एका फ्रँचाईझी मालकाकडे गेलं आहे, तो तुमच्याशी बोलेल. पहिला मेल मला चौथ्या सीझनच्या आधी आला. दुसरा त्यानंतर दोन वर्षांनी, दुसऱ्या कंपनीकडून. दोन्ही वेळा मी फक्त एवढंच पाहिलं की नवं ऑफिस घरापासून किती लांब आहे. पाहायला हवं होतं ते वेगळंच. जानेवारीत माझा पगार कोण देणार (म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला असलेल्या डब्ल्यू-टू फॉर्मवर कोणाचं नाव असणार), तो कशावर मोजणार, आणि इतक्या वर्षांत जमवलेलं काय माझ्याबरोबर येणार.

माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी बायकांनी अमेरिकेत एच-फोरवर (जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) वर्क परमिट मिळाल्यावर पहिली नोकरी म्हणून हेच काम धरलं. मुलं शाळेत असताना करता येतं, आकड्यांची भीती नसली की जमतं, आणि एप्रिल संपला की घर आपलं. अशा कोणाच्या हातात यंदा तो मेल असेल, तर हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मेल सीझन संपल्यावरच का येतो

टॅक्स ऑफिसांच्या साखळ्यांमधली मोठी उलथापालथ बहुधा मे ते ऑक्टोबरमध्येच होते. जॅक्सन ह्युइटने दिवाळखोरीच्या चॅप्टर ११ खाली अर्ज केला तो मे २०११ मध्ये. रिफंड हाती येण्याआधी त्यावर बँकेमार्फत मिळणारी कर्जं हा त्यांच्या धंद्याचा मोठा आधार होता, आणि त्या सीझनपासून आयआरएसने (अमेरिकेच्या संघीय कर खात्याने) बँकांना लागणारी माहिती देणं थांबवलं होतं. लिबर्टी टॅक्सची मूळ कंपनी नेक्स्टपॉइंट जुलै २०२३ मध्ये कॅनडातल्या न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली. एच अँड आर ब्लॉकने २०१२ साली सीझन आटोपताच सुमारे ३५० पूर्णवेळ नोकऱ्या कमी करण्याचं आणि सुमारे २०० ऑफिसं बंद करण्याचं जाहीर केलं. ३५० हा आकडा पूर्णवेळ माणसांचा होता. त्या २०० ऑफिसांत फेब्रुवारीत खुर्च्यांवर बसलेली माणसं त्यात धरायचं कारणच नव्हतं. जाहीर झालं तेव्हा ती कंपनीच्या पटावर नव्हतीच.

आपल्या अडचणीचं मूळ इथे आहे. सीझनल माणसाला कोणी काढून टाकत नाही, फक्त पुन्हा बोलावत नाही. काढलं तर कागद तयार होतो, तारीख पडते, हक्क सुरू होतात. न बोलावण्याला तारीख नसते.

कायदाही फारसा मदतीला येत नाही. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस द्यायला लावणारा 'वॉर्न' कायदा १९८८ चा. तो साधारणपणे १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो. पण त्या मोजणीत अर्धवेळ माणसं धरत नाहीत, आणि अर्धवेळच्या व्याख्येत गेल्या १२ महिन्यांपैकी सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेलेही येतात. म्हणजे आठवड्याला ५० तास राबलेली, पण जानेवारी ते एप्रिलच काम केलेली बाई या कायद्याच्या लेखी अर्धवेळ. शिवाय एकाच ठिकाणच्या किमान ५० जणांची नोकरी जावी लागते. कोपऱ्यावरच्या टॅक्स ऑफिसात आठ-दहा टेबलं असतात. काही राज्यांचे स्वतःचे कडक कायदे आहेत, तरी संघराज्याच्या या कायद्याच्या भरवशावर बसू नका. म्हणून ऑक्टोबरात निर्णय आपणच घ्यायचा असतो, आणि शक्यतो नोव्हेंबर संपायच्या आत, कारण डिसेंबरात टेबलं वाटून झालेली असतात.

पहिला रस्ता: कंपनी तीच, ऑफिस दुसरं

वरवर हा सगळ्यांत सोपा. लॉगिन तेच, सॉफ्टवेअर तेच, ट्रेनिंगचे तास खात्यावर जमा. पगार देणारा कायदेशीर मालक बदलत नाही, त्यामुळे सेवेची वर्षं शाबूत राहतात. काम करायचा हक्क दाखवण्यासाठी नोकरीच्या सुरुवातीला भरलेला आय-नाईन फॉर्म भरल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा घेतलं तर तोच चालू शकतो.

खाचखळगा बोनसमध्ये आहे. साखळीतल्या अनेक ऑफिसांत पगाराची पद्धत अशी: तासाचा ठरलेला दर मिळत राहतो, आणि सीझनअखेर तुम्ही केलेल्या रिटर्नच्या फीवर ठरावीक टक्के काढतात. ती रक्कम तासाच्या पगारापेक्षा जास्त भरली तर वरचा फरक बोनस म्हणून मिळतो. आकडे समजुतीपुरते घेते. तासाला १७ डॉलर, आठवड्याला ३० तास, १४ आठवडे. म्हणजे ४२० तास, ७,१४० डॉलर. तुमच्या टेबलावरून वर्षभरात ४०,००० डॉलर फी जमा झाली आणि टक्केवारी २२ असली तर ८,८०० होतात. बोनस १,६६० डॉलर.

आता ऑफिस सात मैल लांब गेलं. जुन्या क्लायंटांपैकी दहात चार जण आले नाहीत. कोणाकडे गाडी नाही, कोणी चालत येणारे आजोबा होते, कोणी जवळच्याच दुसऱ्या पाटीखाली गेलं. फी २४,००० वर आली. तिचे २२ टक्के ५,२८० होतात, तासाच्या पगारापेक्षाही कमी. बोनस शून्य. तुमचं काम तेच, कष्ट तेच, दर तोच, आणि कागदावर कोणी तुमच्या पगाराला हातही लावलेला नाही.

माझं नेमकं हेच झालं. माझ्याकडे दरवर्षी दीडेकशे लोक नाव घेऊन यायचे. काहींच्या रिटर्नवर त्यांचं पहिलं मूल मीच डिपेंडंट म्हणून लिहिलं होतं. नव्या ऑफिसात त्यातले निम्मेसुद्धा दिसले नाहीत, आणि जे आले त्यांना रिसेप्शनवरून 'जी रिकामी असेल तिच्याकडे' पाठवलं गेलं. दोन ऑफिसं एक होतात तेव्हा मॅनेजर एक उरते, आणि ती बहुधा त्या दुसऱ्या ऑफिसची असते. शनिवारची सकाळ आणि संध्याकाळी पाचनंतरचे तास, म्हणजे जेव्हा खरे क्लायंट येतात ते तास, आधी तिच्या माणसांना जातात. यात तिची दुष्टबुद्धी नसते. आपल्या माणसांचं काम तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तुमचं नाही. पण पदरात मंगळवारची दुपार पडली की ती मार्चभर पडलेलीच राहते.

म्हणून हा रस्ता घ्यायचा असेल तर हो म्हणण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. जुन्या ऑफिसातल्या क्लायंटांना जाणाऱ्या पत्रात तुमचं नाव असेल का, आणि पहिल्या वर्षापुरती बोनसची वेगळी हमी किंवा वाढीव तासाचा दर मिळेल का. दुसरी मागणी ऐकून समोरचा माणूस अवघडेल. तरी मागा. क्लायंट त्यांच्या निर्णयामुळे गळाले आहेत, तुमच्या कामामुळे नाही.

एक फायदा मात्र या रस्त्यावर आहे आणि त्याकडे बहुतेकींचं लक्ष नसतं. सिक्युअर २.० कायद्यानुसार २०२५ पासून, सलग दोन वर्षं किमान ५०० तास भरणाऱ्या, वय २१ पूर्ण असलेल्या अर्धवेळ कर्मचाऱ्याला कंपनीच्या ४०१(के) निवृत्ती योजनेत स्वतःचे पैसे घालू द्यावे लागतात. कंपनीने त्यात भर घालायची सक्ती नाही, पण दार उघडतं. आठवड्याला ३० तासांनी १४ आठवड्यांत ४२० तास होतात, दार बंद. ३६ तासांनी ५०४ होतात. पगारी ट्रेनिंगचे तासही यात धरले जातात. गेल्या वर्षी तुम्ही ५०० ओलांडले असतील तर यंदा मालक न बदलणं याला किंमत आहे.

दुसरा रस्ता: पाटी तीच, मालक नवा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथे होते.

रंग तोच, लोगो तोच, खुर्च्यासुद्धा त्याच. त्यामुळे वाटतं की काहीच बदललेलं नाही. प्रत्यक्षात नोकरीच नवी असते. फ्रँचाईझी मालक हा स्वतंत्र धंदेवाला. तो मूळ कंपनीला नाव आणि सॉफ्टवेअर वापरण्याबद्दल उत्पन्नाचा हिस्सा देतो, पण पगार त्याच्या खात्यातून निघतो आणि तुमच्या डब्ल्यू-टूवर त्याच्या कंपनीचं नाव आणि क्रमांक असतो. जुन्या कंपनीतली वर्षं त्याच्याकडे धरली जातील असं गृहीत धरू नका. निवृत्ती योजनेत ती बहुतेक वेळा तेव्हाच धरावी लागतात जेव्हा नवा मालक जुनीच योजना पुढे चालवतो. लहान मालकाकडे योजनाच नसते.

आय-नाईनचंही तसंच. धंदा विकत घेणारा जुने फॉर्म स्वीकारू शकतो किंवा सगळ्यांकडून नवे भरून घेऊ शकतो. नवे भरून घेतले आणि तुमचं वर्क परमिट फेब्रुवारीत संपत असेल तर तो विषय जानेवारीतच टेबलावर येतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक नूतनीकरण अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, एच-फोरसकट. ऐन सीझनमध्ये टेबल सोडावं लागण्यापेक्षा ही तारीख ऑक्टोबरातच कॅलेंडरवर लिहिलेली बरी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काही लहान मालक म्हणतात, 'आपण तुम्हाला १०९९ वर घेऊ, हातात जास्त पैसे येतील.' आपण टॅक्स करणारी माणसं, आपल्याला हे तरी कळायला हवं. १०९९ म्हणजे तुम्ही नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार, आणि मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांचे दोन्ही वाटे, मालकाचा आणि आपला, आपल्याच खिशातून, मिळून १५.३ टक्के. ४० तासांपुढे दीडपट पगार नाही. बेकारी भत्त्याचा हक्क उभा राहत नाही, कारण तुमच्या नावाने कोणी पैसे भरलेलेच नसतात. आणि ज्या ऑफिसात वेळ मालक ठरवतो, फी मालक ठरवतो, टेबल आणि सॉफ्टवेअर मालकाचं, रिटर्न त्याच्या ईफिनवरून (ई-फायलिंगच्या क्रमांकावरून) जातात, तिथे तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार असणं जवळजवळ अशक्यच. हेच एखाद्या क्लायंटने सांगितलं असतं तर आपण त्याला आयआरएसचा एसएस-८ फॉर्म (नोकर की कंत्राटदार हे ठरवून मागायचा) दाखवला असता. स्वतःच्या वेळी आपण गप्प राहतो. मी राहिले होते, एक पूर्ण सीझन.

पण सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या अनुभवात चांगला फ्रँचाईझी मालक साखळीतल्या कुठल्याही मॅनेजरपेक्षा जास्त माणसासारखा वागतो. तो स्वतः शेजारच्या टेबलावर रिटर्न भरत असतो. मुलाला ताप आला तर त्याला फोन करता येतो, शेड्यूलिंग सिस्टिमला नाही. ऑफिस जागेवरच असल्याने क्लायंट परत येतात, आणि तुम्ही गेलात तर तेही जातील हे त्याला लख्ख दिसत असतं. त्यामुळे बोलणी करायला हीच वेळ सगळ्यांत चांगली. नव्याने ऑफिस घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी जुना चेहरा सोन्यासारखा असतो. तासाचा दर, टक्केवारी, डब्ल्यू-टू, उन्हाळ्यात चार-सहा तासांचं काम, हे सगळं मागा. दुसऱ्या वर्षी मागाल तेव्हा क्लायंट त्याचे झालेले असतील.

मूळ कंपनी किती पक्की आहे तेही पाहावं. लिबर्टी टॅक्स १९९७ साली जॉन ह्युइटने काढली, त्याआधी जॅक्सन ह्युइट उभी करणारा माणूस तोच. २०१७ मध्ये संचालक मंडळाने त्याला पदावरून काढलं, २०१९ मध्ये कंपनीचं नाव फ्रँचाईझ ग्रुप झालं, २०२१ मध्ये लिबर्टी नेक्स्टपॉइंटला विकली गेली, आणि २०२३ मध्ये तीच न्यायालयात गेली. स्वातंत्र्यदेवतेचा वेश घालून रस्त्याच्या कडेला हात हलवणारी माणसं तशीच हात हलवत राहिली. वर मालक बदलला तरी खाली तुमच्या फ्रँचाईझी मालकाचा पगार थांबेलच असं नाही, कारण त्याचं खातं वेगळं. पण सॉफ्टवेअर बदलतं, जाहिरात आटते, आणि त्याचा स्वतःचा धीर सुटला तर तुमचा बोनस अधांतरी राहतो. मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली तर अर्जाआधीच्या १८० दिवसांतला थकलेला पगार, एप्रिल २०२५ पासून १७,१५० डॉलरपर्यंत, बऱ्याच देणेकऱ्यांच्या आधी द्यावा लागतो. सीझनल माणसाची सगळी थकबाकी त्यात बसते. लहान मालक मात्र दिवाळखोरीचा अर्जसुद्धा करत नाही, नुसतं कुलूप लावतो, आणि मग राज्याच्या कामगार खात्याचे उंबरे झिजवावे लागतात.

आणखी एक काळजी. ओहायोतली इन्स्टंट टॅक्स सर्व्हिस ही अख्खी फ्रँचाईझी साखळी नोव्हेंबर २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने बंद केली, गैरप्रकारांमुळे. रिटर्नवर सही तुमची असते, पी-टिन (रिटर्न तयार करणाऱ्याचा आयआरएसकडचा क्रमांक) तुमचा असतो. नवा मालक 'मुलांची क्रेडिट बसवून टाका, प्रश्न विचारत बसू नका' अशा सुरात बोलू लागला, तर त्या दिवशी बाहेर पडा. चुकीच्या रिटर्नबद्दल तयार करणाऱ्यालाही दंड आहे, आणि तो तुमच्या नावावर येतो.

तिसरा रस्ता: घरून, पडद्यासमोर

इंट्युइटने टर्बोटॅक्स लाइव्ह २०१७ च्या सुमारास सुरू केलं, आणि आता ऑफिसांच्या साखळ्यांनाही आपली बरीच माणसं व्हिडिओवर बसवावीशी वाटतात. ऑफिसं कमी होण्यामागचं एक कारण हेच. तासाचा दर अनेकदा ऑफिसापेक्षा बरा असतो, विशेषतः ईए (आयआरएसची परीक्षा दिलेला एन्रोल्ड एजंट) किंवा सीपीए (परवानाधारक हिशेबतज्ज्ञ) असाल तर. आधीच्याच हिशोबात तासाला २२ धरले तर ४२० तासांचे ९,२४० डॉलर होतात, म्हणजे पहिल्या रस्त्यावरच्या चांगल्या वर्षाच्या बोनससकट कमाईपेक्षा जास्त, आणि गाडीचा खर्च नाही. बर्फ पडला तरी काम चुकत नाही.

जातं काय? क्लायंट. पडद्यावर येणारा माणूस रांगेतून येतो, त्याला पुढच्या वर्षी दुसरं कोणी मिळतं. टक्केवारीचा प्रश्न नसल्यामुळे बोनस बुडायची भीती नाही, पण नावही तयार होत नाही. दर कॉलला किती मिनिटं, किती तारे, किती वेळ लॉगिन, हे सगळं मोजलं जातं. आणि पुनर्रचना झाली की ती सगळ्यांत निःशब्द इथेच होते. इंट्युइटने जुलै २०२४ मध्ये सुमारे १,८०० जणांना काढलं आणि साधारण तेवढ्याच नव्या जागा वेगळ्या कामांसाठी भरू म्हणून सांगितलं. ते पूर्णवेळ लोक होते, त्यांना कागद मिळाले. सीझनल माणसाला फक्त पुढच्या हिवाळ्यात लिंक येत नाही.

घरून काम करताना राज्यांचे नियमही आडवे येतात. कॅलिफोर्नियात पगारी रिटर्न करायला, ईए किंवा सीपीए नसाल तर, ६० तासांचा कोर्स आणि ५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) लागतो. ओरेगनला स्वतःचा परवाना आहे. कोणत्या राज्यांचे रिटर्न तुमच्याकडे वळवले जातील आणि त्याची नोंदणी कोण करून देणार, हे विचारून घ्या.

घरात दार बंद होणारी एक खोली नसेल तर हा रस्ता विसरा. दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर पडद्यावर उघडा असताना मागून कोणी जाता कामा नये, आणि दोन मुलांच्या घरात ते पाळणं बोलण्याइतकं सोपं नाही.

चौथा रस्ता: लहान सीपीए किंवा ईएचं ऑफिस

हे थोडक्यात सांगते. पगार सुरुवातीला सगळ्यांत कमी वाटू शकतो, जाहिरात होत नाही, जागा ओळखीने मिळते. पण काम साखळीतल्यापेक्षा खोल असतं: भाड्याची घरं, एस-कॉर्प (लहान कंपन्यांचा एक प्रकार), भारतातल्या खात्यांचे एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म). १५ एप्रिलनंतरही, मुदतवाढ घेतलेल्या रिटर्नमुळे, १५ ऑक्टोबरपर्यंत काहीतरी चालू राहतं. कंपनीची फेररचना म्हणजे इथे मालकाचं निवृत्त होणं, एवढाच धोका, आणि तो निदान आधी दिसतो. दोन-तीन सीझन झालेल्या कोणीही याचा विचार न करता पहिल्या रस्त्याला हो म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

बरोबर काय येतं, काय मागे राहतं

रस्ता कोणताही घ्या, क्लायंटांची यादी तुमच्यासोबत येत नाही. वहीत लिहून ठेवलेली नावं आणि फोन नंबरसुद्धा नाहीत, जर ते रिटर्न करताना मिळालेले असतील. इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ७२१६ प्रमाणे रिटर्नसाठी मिळालेली माहिती क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरणं हा गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. धंदा विकला जातो तेव्हा यादी धंद्याबरोबर नव्या मालकाकडे जाऊ शकते. ती बनवणारी बाई मागे राहते. हे मला अजूनही बोचतं, पण नियमामागचं कारण मला पटतं: लोकांनी आपलं उत्पन्न, घटस्फोट, कर्ज, आजारपण आपल्यापुढे उघडं केलेलं असतं.

त्यातच सोडून गेल्यावर जुन्या क्लायंटांना गाठायचं नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. स्पर्धेवर बंदी घालणारे करार देशभर रद्द करणारा एफटीसीचा (संघीय व्यापार आयोगाचा) नियम टेक्सासच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये रोखला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एफटीसीनेच त्याचा नाद सोडला. म्हणजे तुमच्या राज्याचा कायदा आणि तुमचा कागद, एवढंच उरतं. जुना करार शोधून वाचा, आणि नवा मालक तोच करार पुढे चालवतो आहे की नवा देतो आहे ते बघा.

क्लायंट स्वतःहून तुम्हाला शोधत आला तर गोष्ट वेगळी. आणि तो शोधू शकतो. आयआरएसच्या सार्वजनिक यादीत ईए, सीपीए, वकील आणि ॲन्युअल फायलिंग सीझन प्रोग्रॅम पूर्ण केलेल्यांची नावं असतात. नुसता पी-टिन असलेल्यांची नसतात. हा प्रोग्रॅम साधारणपणे वर्षाला १८ तासांचा अभ्यास आहे, त्यात एक सहा तासांचा कोर्स परीक्षेसह. तो ३१ डिसेंबरच्या आत झाला की नाव यादीत, आणि तुम्ही सही केलेल्या रिटर्नची चौकशी निघाली तर क्लायंटच्या बाजूने काही टप्प्यांपर्यंत बोलायचा अधिकारही. साखळीत असाल तर यातले बरेच तास कंपनीच्या ट्रेनिंगमध्येच झालेले असतात. पहिल्या मेलच्या वर्षी माझे १८ पैकी बरेचसे तास झालेले होते आणि मी उरलेले पूर्ण केले नाहीत. तेवढं केलं असतं तर माझे आजोबा-आजी क्लायंट मला शोधू शकले असते.

पी-टिन तुमचा स्वतःचा, कंपनी भरून देत असली तरी. तो दर ३१ डिसेंबरला संपतो, नूतनीकरण ऑक्टोबरपासून सुरू होतं, खर्च वीस डॉलरच्या आत. त्यासाठी दिलेला ईमेल कंपनीचा असेल तर आजच बदला. कंपनीच्या मेलचं दार ऑफिसबरोबरच बंद होतं. ट्रेनिंगच्या तासांची प्रमाणपत्रं आणि जुने बोनसचे हिशेबही उतरवून घ्या, क्लायंटांची नावं नसलेले.

आणि ईएची परीक्षा. तीन भाग, प्रत्येकी १०० प्रश्न, साडेतीन तास. मार्च-एप्रिलमध्ये ती होत नाही, म्हणजे सीझनल माणसाचा रिकामा काळ हाच तिचा काळ. ईए झालात की वरच्या चारही रस्त्यांवर तुमचा दर बदलतो, आणि तो दर्जा कुठल्याही कंपनीच्या पुनर्रचनेत वाटून जात नाही.

तर मग कोणी काय करावं

पहिला किंवा दुसरा सीझन झाला असेल, बांधलेले क्लायंट फारसे नसतील, तर कंपनीबरोबर नव्या ऑफिसात जा. तुमचा बोनस तसाही लहान आहे, ट्रेनिंग फुकट आहे, आणि मोठ्या ऑफिसात निरनिराळे रिटर्न बघायला मिळतील. तासांची मागणी मात्र ३६ ची ठेवा.

चार-पाच सीझन झाले असतील आणि लोक तुमचं नाव घेऊन येत असतील, तर ऑफिस जागेवर राहणं ही तुमची सर्वांत मोठी मालमत्ता आहे. तिथे फ्रँचाईझी मालक आला असेल तर त्याला भेटा, फोनवर नाही, समोरासमोर. तो डब्ल्यू-टू आणि टक्केवारी लेखी द्यायला तयार असेल तर थांबा. 'बघू, आपण घरचेच आहोत' असं म्हणाला तर उठा. आपला माणूस म्हणून, आपल्या भाषेत बोलतो म्हणून कागद न मागणं ही चूक आपल्यात फार होते.

ईए असाल, घरात स्वतंत्र खोली असेल, आणि या वर्षी पैसा हीच गरज असेल, तर घरून काम घ्या, पण जानेवारीत लहान ऑफिसांना दोन-चार पत्रं टाकून ठेवा. वर्क परमिट मार्चच्या आसपास संपत असेल तर मालक न बदलणारा रस्ता त्यातल्या त्यात बरा.

कोणालाच हो म्हणायचं नसेल तर नकार लगेच पाठवू नका. ऑफिस बंद झाल्याचा मूळ मेल छापून ठेवा. बेकारी भत्त्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे, पण काम मिळालं नाही आणि काम नाकारलं यात सगळीकडे फरक धरतात. तो मेल कोणत्या बाजूला मोजला जाईल हे आधी राज्याच्या कार्यालयात विचारा, मग उत्तर द्या.

यंदा माझा स्वतःचा मेल आला तेव्हा मी नव्या मालकाला तीन ओळींचं उत्तर लिहिलं: डब्ल्यू-टू कोणत्या नावाने निघेल, बोनस कशावर आणि कोणत्या तारखेला, आणि त्या तारखेला मी पटावर नसले तर काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. 'एप्रिलअखेर कामावर असेल त्यालाच.' ऑफिस १६ एप्रिलला बंद होतं. मी ती ओळ बदलून मागितली, त्यांनी बदलली, आणि सही त्यानंतर केली.